झिप उघडते, पण मराठी नावांचा चुरा होतो: मॅक, विंडोज आणि लिनक्समधला नेहमीचा त्रास

गणपती गेले की आमच्याकडे दिवाळी अंकाचं साहित्य यायला लागतं. मी एका लहानशा अंकाची मांडणी करतो. लेखक बहुतेक विंडोजवर लिहितात, चित्रकार आणि छायाचित्रकार मॅकवाले, आणि मुद्रितशोधन करणारे आमचे एक काका कित्येक वर्षं उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, वापरतात. प्रत्येक जण आपलं साहित्य एका झिपमध्ये बांधून पाठवतो. मग एका संध्याकाळी फोन येतोच: "अहो, तुम्ही पाठवलेली झिप करप्ट आहे. आत नुसती चिन्हं दिसताहेत. परत पाठवता का?"

परत पाठवून काही होत नाही. तीच झिप, तीच चिन्हं. तिसऱ्या खेपेला कोणीतरी वैतागून म्हणतं, "फायलींची नावं इंग्रजीत द्या बघू, म्हणजे कटकट मिटेल." हा सल्ला मला मनापासून खटकतो. मराठी कथेला, मराठी गावाच्या फोटोला मराठीत नाव देता आलं पाहिजे आणि ते एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं पोचलं पाहिजे. ते पोचतंही. मध्ये नेमकं कुठे अडतं तेवढं ठाऊक हवं.

सगळ्यात आधी दोन गोष्टी. आलेली मूळ झिप पुसू नका, आणि चिन्हं झालेली नावं हाताने दुरुस्त करत बसू नका. आतला मजकूर बहुतेक वेळा पूर्ण शाबूत असतो. खात्री करायची तर चुरा झालेल्या नावाची एखादी फाईल उघडून बघा. कथा कथेसारखी दिसली, फोटो फोटोसारखा दिसला, तर बिघाड फक्त नावांत आहे. मूळ झिप हाताशी असेल तर योग्य साधनाने ती पुन्हा उघडली की सगळी नावं एका फटक्यात जागेवर येतात.

चुऱ्याकडे नीट बघा, त्यातच उत्तर आहे

विंडोजवर "एक्स्ट्रॅक्ट ऑल" केल्यावर नावं कशी दिसतात ते जरा थांबून बघा. सारखी सारखी तीच दोन चिन्हं येताहेत का? आधी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर लाट असलेला एन, मग काहीतरी वेगळं. पुन्हा अल्फा, पुन्हा लाटवाला एन, पुन्हा काहीतरी. असं दिसलं तर निश्चिंत व्हा. नाव शंभर टक्के शिल्लक आहे, ते फक्त चुकीच्या तक्त्यातून, म्हणजे कोणता आकडा कोणतं चिन्ह याच्या चुकीच्या यादीतून, वाचलं जातंय.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या साठवायच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइट (तीन आकडे) घेतं. चिन्ह म्हणजे अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, हे सगळे वेगवेगळे मोजायचे. त्या तीन बाइटपैकी पहिला कायम २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा त्या चिन्हाचा स्वतःचा. म्हणजे "म" हा २२४, १६४, १७४. आता हेच तीन आकडे आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या जुन्या तक्त्यात शोधले तर २२४ च्या घरात अल्फा आहे, १६४ च्या घरात लाटवाला छोटा एन, १६५ च्या घरात लाटवाला मोठा एन, आणि १७४ च्या घरात डावीकडे तोंड केलेले दोन कोन. तुमच्या पडद्यावर दिसतो तो "म" हाच. त्याने फक्त वेश बदललाय.

इंग्लंडमधल्या आप्तांकडून चुऱ्याचा स्क्रीनशॉट आला तर त्यात अल्फाच्या जागी डोक्यावर रेघ असलेला मोठा ओ दिसेल, कारण तिथल्या विंडोजचा जुना तक्ता ८५० क्रमांकाचा आहे. आणि रेघवाला ए व त्यामागे जपानी येनचं चिन्ह दिसलं तर ते वाचन विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यातून झालंय. तिन्ही ठिकाणी मूळ नाव तेच असतं.

मात्र नावांत नुसती प्रश्नचिन्हं किंवा नुसत्या खालच्या रेघा दिसल्या, आणि सेव्हन-झिप या साधनात (त्याबद्दल पुढे सांगतो) उघडूनही तेच दिसलं, तर मामला वेगळा आहे. बांधणाऱ्या प्रोग्रॅमनेच मराठी अक्षरं टाकून दिलेली असतात. ती झिपमध्ये नाहीतच, त्यामुळे कुठल्याच साधनाने परत येणार नाहीत. तिथे मात्र पुन्हा मागवण्याला इलाज नाही.

हे होतं का

झिपचा आराखडा फिल कॅट्झ यांनी १९८९ साली मांडला. त्या वेळी फाईलचं नाव लिहायचं म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या २५६ चिन्हांच्या तक्त्यात लिहायचं. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. पुढे २००६ साली झिपच्या नियमपत्रात एक खूण आली. प्रत्येक फाईलच्या नोंदीत १६ बिटांचा एक कप्पा असतो. त्यातला ११ क्रमांकाचा बिट चालू असेल तर त्याचा अर्थ "हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे". बिट बंद असेल तर वाचणाऱ्याने जुना तक्ता धरायचा.

मॅकवर फायली दाखवणारा फाइंडर "कॉम्प्रेस" म्हटल्यावर नाव यूटीएफ-८ मध्येच लिहितो, पण वर्षानुवर्षं तो ही खूण लावत नव्हता. मॅकला मॅकची झिप वाचताना ती लागत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. लिनक्सचं अनझिपही झिप युनिक्स घराण्यातल्या (मॅक, लिनक्स वगैरे) मशीनवर बांधली गेल्याचं ओळखून नाव बहुधा नीट वाचतं. विंडोजवर फायली दाखवणारा एक्सप्लोरर मात्र नियमाला धरून चालतो. खूण नाही, म्हणजे जुना तक्ता. खूण असेल तर विंडोज ८ पासून पुढचा एक्सप्लोरर मराठी नाव व्यवस्थित दाखवतो. म्हणून चित्रकार ताई म्हणतात "माझ्याकडे तर नीट उघडतेय", आणि लेखक काका म्हणतात "माझ्याकडे नाही", तेव्हा दोघंही खरंच सांगत असतात.

विंडोजवर उपाय

सेव्हन-झिप हे मोफत साधन बसवा. झिपवर राइट क्लिक, त्यात सेव्हन-झिप, त्यात "एक्स्ट्रॅक्ट हिअर". विंडोज ११ वर ते पहिल्या यादीत दिसलं नाही तर "शो मोअर ऑप्शन्स" मध्ये असतं. सेव्हन-झिप युनिक्स घराण्यातली झिप ओळखून खूण नसली तरी यूटीएफ-८ म्हणून वाचून बघतं, त्यामुळे मॅकच्या झिपा त्यात सहसा सरळ उघडतात. जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी घ्या, मग बाकीचे प्रयोग.

तरीही चुरा राहिला तर तक्ता हाताने सांगता येतो. कमांड प्रॉम्प्टवर सेव्हन-झिपची उघडण्याची आज्ञा देताना त्यात उणे चिन्ह, लगेच इंग्रजी लहान लिपीत एमसीपी, मग बरोबरचं चिन्ह आणि ६५००१ हा आकडा, मध्ये जागा न सोडता लिहा. ६५००१ हा विंडोजच्या हिशेबात यूटीएफ-८ चा क्रमांक. ही आज्ञा कागदावर लिहून मॉनिटरजवळ चिकटवून ठेवायला हरकत नाही. दर हंगामात एकदा तरी लागते.

आणखी एक उपाय पुष्कळ जण सुचवतात. कंट्रोल पॅनेलमधल्या "रीजन" मध्ये जाऊन, प्रशासकीय टॅबवर "चेंज सिस्टिम लोकेल" दाबून, यूटीएफ-८ चा बीटा पर्याय चालू करायचा. त्याने एक्सप्लोररसुद्धा मराठी नावं वाचायला लागतो, हे खरं. पण तो पर्याय सगळ्या मशीनला लागू होतो, आणि जुन्या तक्त्यांवर चालणारी सॉफ्टवेअर त्याने बिघडू शकतात. आपल्याकडे छापखान्यात, पतपेढीत, वकिलांच्या कचेरीत अशी जुनी सॉफ्टवेअर अजून रोजच्या वापरात आहेत. घरच्या लॅपटॉपवर करून बघा हवं तर, पण कामाच्या मशीनवर हात लावू नका. एका झिपसाठी सबंध मशीनची भाषा बदलायची गरज नाही.

ज्यांना पायथन येतं त्यांच्यासाठी: आवृत्ती ३.११ पासून झिपफाईल या अंगभूत मोड्यूलला नावांचा तक्ता सांगायची सोय आहे. शेकडो झिपा एकदम उघडायच्या असतील तर तो मार्ग बरा.

"पाथ टू लाँग" म्हणतंय, ते याच चुऱ्याचं पिल्लू

हा प्रश्न मराठी नावांना जास्त छळतो, म्हणून जरा हिशेब मांडून दाखवतो. "सह्याद्रीच्या कुशीतल्या एका शाळेची गोष्ट" हे नाव घ्या. सगळी चिन्हं मोजली तर ४० भरतात: ३६ देवनागरी आणि ४ मोकळ्या जागा. चुरा झाला की ३६ ची १०८ होतात, अधिक ४, म्हणजे ११२. आता लेखकाने फाईल ठेवली होती त्याच नावाच्या फोल्डरमध्ये, जे बहुतेक जण करतात. झाले २२४. त्यात फाईलचं शेपूट, डाउनलोड्सपर्यंतचा रस्ता, आणि "एक्स्ट्रॅक्ट ऑल" झिपच्या नावाने जे नवं फोल्डर करतं ते धरा. विंडोजची नेहमीची मर्यादा संपूर्ण रस्त्याला मिळून २६० आहे. ती इथेच ओलांडली जाते, आणि विंडोज सांगतं की रस्ता फार लांब आहे. नाव मुळात लांब नव्हतंच, चुऱ्याने ते फुगवलं.

तातडीचा उपाय म्हणजे झिपला एक अक्षरी नाव द्या, ती सी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी नेऊन ठेवा आणि तिथेच सेव्हन-झिपने उघडा. चुरा न होता नावं आली की लांबीचा प्रश्नही आपोआप जातो.

लिनक्सवर हीच अडचण उलट्या बाजूने येते. तिथे एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. मराठी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज बाइट मोजत नाही, त्यामुळे तिथे शंभर चिन्हांचं मराठी नाव सहज बसतं. आमचे मुद्रितशोधक काका एकदा सांगत होते, "अरे, अकरा लेख उघडले आणि बारावा म्हणतो नाव फार लांब आहे." लेखकाने संपूर्ण शीर्षक, उपशीर्षक, स्वतःचं नाव आणि "अंतिम प्रत" असं सगळं नावात घातलं होतं. तिथे काही चुकलेलं नव्हतं. लेखकाच्या मशीनवर ते नाव बसत होतं, काकांच्या मशीनवर बसत नव्हतं, एवढंच. अशा वेळी विंडोजवाल्याने नाव आखडून झिप पुन्हा बांधणं हाच सोपा मार्ग.

वर्ड म्हणतं फाईल खराब आहे, कारण ती वर्डची फाईलच नाही

मॅकच्या झिपमधून दोन खालच्या रेघा आणि मग मॅकओएसएक्स असं नाव असलेलं एक जादाचं फोल्डर निघतं. त्यात प्रत्येक फाईलची एक जुळी असते, नावाआधी टिंब आणि खालची रेघ लावलेली. ही जुळी म्हणजे मॅकने त्या फाईलबद्दल ठेवलेली टिपणं: कुठलं लेबल लावलंय, कुठून डाउनलोड केली, वगैरे. आकार बहुधा काही केबीच. विंडोजवर घाईत लोक नेमकी तीच डबल क्लिक करतात, वर्ड म्हणतं वाचता येत नाही, आणि झिपवर करप्टचा शिक्का बसतो. ते फोल्डर बाजूला ठेवा, बाहेरची खरी फाईल उघडा.

बाजूला ठेवा म्हणतोय, पुसा म्हणत नाही, याला कारण आहे. जुन्या मॅकवरचे काही फाँट असे बनलेले होते की सगळा ऐवज त्या जुळ्या भागातच असायचा आणि मुख्य फाईल शून्य बाइटची दिसायची. एखाद्या जुन्या छापखान्यातून फाँटची झिप आली आणि फाँट शून्य केबीचा दिसला, तर ते फोल्डर पुसण्याआधी झिप एखाद्या मॅकवर उघडून बघा.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करतो. फाईलचं नाव नीट आलं, वर्डने ती उघडलीही, पण आतला मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतोय, तर झिपचा काही दोष नाही. तो मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक) येण्याआधीच्या एखाद्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे आणि तो फाँट तुमच्या मशीनवर नाही. पाठवणाऱ्याकडून फाँटचं नाव विचारा, मग तो बसवा किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

नाव डोळ्यांना सारखंच, तरी मशीन म्हणतं सापडत नाही

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला, म्हणून सविस्तर सांगतो. एका अंकाची मांडणी मॅकवर झाली होती आणि शेवटच्या दुरुस्त्यांसाठी सगळं फोल्डर झिप होऊन माझ्या विंडोजवर आलं. सेव्हन-झिपने उघडलं, सगळी नावं स्वच्छ मराठीत. मांडणीची फाईल उघडली तर ४१ फोटोंपैकी ३ हरवल्याची लाल खूण. फोल्डरमध्ये तर ते तिन्ही समोर दिसत होते. "शेतकऱ्याचं घर", "कोऱ्या पाट्या", "दुसऱ्या दिवशीची पहाट". मी नाव कॉपी करून शोधलं, सापडलं. स्वतः टाइप करून शोधलं, नाही सापडलं. अर्धी रात्र त्यात गेली. शेवटी तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली तेव्हा डोक्यात आलं, तिन्हींत ऱ आहे. बाकीच्या ३८ नावांत एकही ऱ नव्हता.

युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे अखंड ऱ, त्याचा क्रमांक २३५३. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, क्रमांक २३५२, आणि त्याच्या खाली वेगळा नुक्ता म्हणजे टिंब, क्रमांक २३६४. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच अक्षर आहेत आणि पडद्यावर एकसारखीच दिसतात. मॅक फायलींच्या नावांत पूर्वापार हा सुटा प्रकार वापरत आलंय. फायली साठवायच्या जुन्या एचएफएस प्लस या रचनेत तर ते सक्तीचंच होतं, आणि आजही फाइंडरमधून दिलेली नावं पुष्कळदा सुटीच निघतात. मॅक स्वतः तुलना करताना दोन्ही एकच धरतं. विंडोज आणि लिनक्स तसं करत नाहीत. त्यांच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत, इतकी वेगळी की एकाच फोल्डरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात.

इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा प्रश्न क्वचितच जाणवतो. आपल्याला मात्र "शेतकऱ्यांची", "वाऱ्यावर", "साऱ्या", "दुसऱ्या" पावलोपावली लागतात. म्हणून हे प्रत्येक मराठी संगणक वापरणाऱ्याला माहीत असावं असं मला फार वाटतं.

तपासायचं कसं? नाव एक्सेलच्या एका चौकोनात चिकटवा आणि शेजारी लेन हे सूत्र लावा. "दुसऱ्या" या शब्दाची लांबी ७ आली तर ऱ अखंड आहे. ८ आली तर सुटा आहे, किंवा तिसराच एक प्रकार आहे. काही जुन्या मराठी कळफलकांवर ऱ्या लिहिताना साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी त्रिकूट पडते. दिसतं तेही हुबेहूब तसंच.

दोन-चार फायली असतील तर विंडोजच्याच कळफलकाने ते अक्षर पुन्हा टाइप करून नाव बदला. मी त्या रात्री तेच केलं आणि तिन्ही फोटो लगेच जागेवर आले. नावांची मोठी यादी असेल तर एक्सेलमध्ये सबस्टिट्यूट सूत्र वापरा. युनिकॅर हे सूत्र क्रमांकावरून अक्षर देतं, म्हणून युनिकॅर २३५२ आणि युनिकॅर २३६४ या जोडीच्या जागी युनिकॅर २३५३. त्या तिसऱ्या प्रकारासाठी २३५२, २३८१ आणि ८२०५ या तिघांच्या जागी २३५३ आणि २३८१. युनिकॅर एक्सेल २०१३ पासून उपलब्ध आहे. एक्सेलमधलं व्हीलुकअप हे शोधायचं सूत्र "शेतकऱ्यांची यादी" जुळवायला नकार देत असेल तर तिथेही हाच इलाज चालतो, मग त्यात झिपचा संबंध असो वा नसो. लिनक्सवर शेकडो फायलींची नावं एकदम बदलायला कन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, त्याला एनएफसी (सुटी अक्षरं अखंड करण्याची पद्धत) हा पर्याय सांगायचा. तो सुटा ऱ अखंड करतो, अदृश्य जोडचिन्हाला मात्र हात लावत नाही.

लिनक्स आणि सर्व्हर

सर्व्हरवर झिप उघडल्यावर नावांत हॅशचं चिन्ह, मग यू, मग चार आकडे-अक्षरं अशी माळ दिसली तर ते मराठी नावच आहे, प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक लिहून काढलेला. सर्व्हरचं लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीची मांडणी, यूटीएफ-८ नसलं की अनझिप असं करतं. लोकेल यूटीएफ-८ करा आणि पुन्हा उघडा. अनआर हे साधन टाकलं असेल तर ते नावांचा तक्ता स्वतःच ओळखायचा प्रयत्न करतं, आणि त्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो.

खरोखर उघडतच नसेल तर

इथे कारणं वेगवेगळी असतात. मॅकवर झिप डबल क्लिक केली की सीपीजीझेड नावाची फाईल तयार होते, ती डबल क्लिक केली की पुन्हा झिप, असं चक्र सुरू झालं तर मॅकच्या साधनाला ती झिप समजलेली नाही. आधी डाउनलोड अर्धवट राहिलंय का ते बघा. पूर्ण असेल तर दी अनआर्कायव्हर किंवा केका ही मॅकवरची झिप उघडायची साधनं वापरून बघा. विंडोजचा एक्सप्लोरर २ जीबीहून मोठ्या फायलींना डिफ्लेट ६४ नावाची आकार दाबायची वेगळी पद्धत लावतो, ती पुष्कळ साधनांना येत नाही. व्हिडिओंच्या झिपा मॅकवर अडतात त्यामागे हे असू शकतं. उलट, मॅकच्या फाइंडरने ४ जीबीच्या वर बांधलेल्या झिपांच्या नोंदीत आकार चुकीचे पडल्याची तक्रार जुनी आहे. सेव्हन-झिप त्यावर इशारा देतं, पण अनेकदा फायली बाहेर काढून देतं. इशारा दिसला म्हणून थांबू नका, काय निघतंय ते बघा.

पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर झिप एईएस नावाच्या कूटलेखनाच्या पद्धतीने कुलूपबंद असण्याची शक्यता मोठी. लिनक्सचं अनझिप ६.० तेव्हा सांगतं की ५.१ ची क्षमता हवी आणि माझ्याकडे ४.६ ची आहे. सेव्हन-झिपला ती पद्धत येते.

मॅकवाल्यांनी नावात तारीख घालताना तिरकी रेघ वापरली असेल, समजा २१/१०, तर आत ती कोलन म्हणून साठवली जाते. विंडोजला नावात कोलन चालत नाही. सेव्हन-झिप त्या जागी खालची रेघ टाकून फाईल देतं. आणि विंडोजवर बांधलेली एखादी झिप मॅकवर उघडल्यावर फोल्डर न होता सगळ्या फायली एकाच जागी पडल्या, नावांत उलट्या तिरक्या रेघा दिसल्या, तर ती झिप बांधणाऱ्या प्रोग्रॅमने फोल्डर वेगळं करायची खूण चुकीची वापरली आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रॅम बनवायच्या साधनसंचाच्या ४.६.१ आधीच्या आवृत्त्यांवर बनलेल्या प्रोग्रॅममध्ये हे सर्रास होत असे. तीच झिप विंडोजवर सेव्हन-झिपने उघडून पुन्हा बांधली की सुटते.

पाठवताना

आम्ही आता सगळ्यांना एकच विनंती करतो: शक्यतो सेव्हन-झेड या प्रकारात बांधा. त्यात नावं पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहिली जातात, तक्त्याचा घोळ उद्भवतच नाही. मॅकवर केका हे काम करतं, आणि त्यात मॅकची जादाची टिपणं वगळायचा पर्यायही आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सुधारणेपासून विंडोज ११ सेव्हन-झेड स्वतःच उघडतं, त्यामुळे समोरच्याला काही बसवावंही लागत नाही. झिपच हवी असेल तर विंडोजवर सेव्हन-झिपने बांधताना पर्यायांच्या चौकटीत इंग्रजी लहान लिपीत सीयू, बरोबरचं चिन्ह आणि ऑन असं सलग लिहा, म्हणजे नावांवर यूटीएफ-८ ची खूण बसते. नावं मराठीतच ठेवा, पण पन्नास-साठ चिन्हांच्या आत, आणि तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर "उघडत नाही" एवढंच सांगू नका. झिप कोणत्या मशीनवर आणि कशाने बांधली, तुम्ही ती कोणत्या मशीनवर आणि कशाने उघडताय, चुऱ्यातली पहिली तीन चिन्हं कशी दिसतात, आणि दोन्हीकडचा झिपचा आकार नेमका किती बाइट आहे, एवढं कळवा. एमबीत नव्हे, बाइटमध्ये, शेवटच्या आकड्यापर्यंत. दोन आकडे जुळले नाहीत तर झिप वाटेतच अर्धी राहिली आहे, ती आधी पुन्हा डाउनलोड करा.